ठेवून जा, वाचतो

"आता कसं सुटसुटीत झालंय," असं म्हणून सरांनी चौथं प्रकरण माझ्या हातात ठेवलं आणि अर्धा जिना उतरेपर्यंत मी खरोखरच खूष होते. चाळिशीला टेकलेल्या बाईनं एवढं खूष होऊ नये, पण होते. वळणावरच्या खिडकीत उजेड बरा असतो, म्हणून तिथे थांबून पानं चाळली. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात सरांची पेन्सिलीची खूण होती. पान वाचून झालं की ते तशी खूण करतात, बरोबरची, शेपूट जरा लांब ओढलेली. पण इथे प्रत्येक पानावर दोन खुणा होत्या. एक पुसट आणि तिला खेटून दुसरी ताजी. मी एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि लक्षात आलं. हे सुधारलेलं प्रकरण नव्हतंच. ते घरी फ्रिजवर राहिलं होतं. गेल्या आठवड्यात मुलीच्या डब्याच्या घाईत मी उचलून आणून दिला होता तो जुना गठ्ठा, जो सरांनीच उन्हाळ्याच्या आधी "फार पसरट झालंय, आवळा जरा" म्हणून परत केला होता. तोच. त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा हललेला नव्हता. म्हणजे जे पसरट होतं तेच आता सुटसुटीत झालं होतं, आणि ते होण्यासाठी मी सबंध सुट्टी घालून केलेल्या कामाची काहीच गरज पडली नव्हती.

आधी मला हसू आलं. मग वाटलं, परत वर जावं आणि त्या दोन खुणा त्यांच्या नाकासमोर धराव्यात. चार पायऱ्या चढलेही. पण वरून कडीचा आवाज आला आणि मी जिथे होते तिथेच थांबले. सर गेले होते. दुसऱ्या जिन्यानं, नेहमीसारखे. विभागात त्यांना 'येतोच' म्हणतात. येतोच आले का, येतोच आज नाहीत, येतोच कमिटीवर गेलेत. नव्या मुलांना ते आडनाव वाटतं. त्यांच्या दारावर त्यांच्याच अक्षरात एक चिठ्ठी डकवलेली आहे, 'येतोच'. कुठून, केव्हा, काही नाही. कागद पिवळा पडला, चिकटपट्टी दोनतीनदा बदलली, पण मजकूर बदलायची वेळ आली नाही. त्या दारासमोरच्या बाकावर मी माझी तिशी घालवली. बाकाचं एक फळकूट सैल आहे, नीट बसलं नाही तर कपडा चिमटतो. समोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे आणि त्यात फुटून गेलेले देश अजून एकत्र नांदताहेत. भूगोलाच्या विभागात असा नकाशा असावा याचं पूर्वी मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. त्या नकाशाकडे बघत मी पहिलं प्रकरण हातात घेऊन बसले, मग पोटात मुलगी घेऊन बसले, मग मुलीला शेजारी बसवून बसले. तिला नकाशावरची अक्षरं लावून वाचता येऊ लागली तरी सरांचं तिसरं प्रकरण वाचून व्हायचं होतं. कधी भेटलेच तर दारातच, चावी हातात, एक पाय बाहेर. "ठेवून जा, वाचतो." पूर्वी मी त्यांची विद्यार्थिनी होते तेव्हा 'ठेवून जा' होतं, मी स्वतः कॉलेजात शिकवायला लागल्यापासून ते इतर सगळ्या बाबतीत मला 'अहो-जाहो' करतात. तेवढं एक वाक्य मात्र जुनंच राहिलं, कारण ते तोंडातून आपोआप पडतं.

रस्त्यावर आले. ऊन होतं, लोक आपापल्या कामाला लागले होते, एक बाई दुकानाच्या पायरीवर बसून चपलेचा अंगठा बघत होती. मी गठ्ठा छातीशी धरून चालत होते आणि मनात एकच हिशेब चालला होता, की यानं बिघडलं काय? उलट बरंच झालं. शुक्रवारी माझ्या नोंदणीची मुदत संपते. ती एकदा वाढवून झाली, मग दुसऱ्यांदा, आता कुलगुरूंच्या हातातही ते राहिलेलं नाही. शुक्रवारच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द म्हणजे मी ज्या कॉलेजात दर जूनला नव्यानं नेमले जाते तिथे येत्या जूनला कुणी मला नेमणार नाही. प्राचार्यांनी तसं गोड शब्दांत आणि पाणी विचारून सांगितलंय. प्रबंधाला लागते ती फक्त मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सरांची सही. चौथं प्रकरण पसंत पडलं की सही करतो, असं ते म्हणाले होते. पसंत पडलं. उद्या या, सही करतो, म्हणाले. मग रडतेस कशाला, असं मी स्वतःला विचारलं. तेव्हा लक्षात आलं की मी खरंच रडत होते, भर रस्त्यात, नाक ओढत.

माझा विषय आमची नदी. शहराच्या मधून जाते ती. तिच्या पाण्याची पातळी पुलाच्या खांबावरच्या मोजपट्टीवर रोज सकाळी वाचून ठेवतात, आणि ते आकडे वर्षाच्या शेवटी छापील तक्त्यात येतात. मी ते कितीतरी वर्षांचे आकडे उतरून काढले, आणि त्यात मला ती जागा सापडली. एका वर्षी पाणी एकदम खाली गेलं होतं, हातभर, आणि पुन्हा कधी वर आलं नव्हतं. पाऊस तेवढाच, वरच्या बाजूचं धरण तेच, तरी पाणी हातभर खाली. नदीनं आपला तळ खचवला होता. एवढी मोठी गोष्ट घडली आणि कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. त्या रात्री मी जेवले नव्हते. नवऱ्याला उठवून सांगितलं होतं, तो म्हणाला, नदी खचली तर खचली, तू का खचतेस, झोप. पुढची सगळी प्रकरणं त्या एका हातभर उडीतून निघाली. वाळूचा उपसा कसा झाला, काठ कसे ढासळले, विहिरी कशा आटल्या. लग्नं, बारशी, आजारपणं यांच्या मधून चोरलेल्या तासांत मी ती नदी खणत राहिले.

आणि हे सगळं मी सरांकडेच का आणलं, तर त्याला कारण होतं. ते वर्गावर क्वचित येत, पण येत तेव्हा असे येत की न आलेले तास माफ व्हावेत. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर डावीकडून उजवीकडे खडू न उचलता एक रेघ ओढली. रेघ वळली, फुगली, पुन्हा निमुळती झाली. मग वळणाशी ढासळलेल्या काठाच्या चार आडव्या खुणा केल्या आणि म्हणाले, ही नदी खोटी आहे, कशी ते कुणी सांगू शकेल का? मी म्हणाले, वळणाच्या आतल्या बाजूला काठ तुटलेला दाखवलाय सर, तुटतो बाहेरचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं आणि रेघ पुसून पुन्हा काढली. त्या बघण्यावर मी पुढची वर्षं काढली, असं म्हटलं तर लोक हसतील. पण आपल्याकडे एकदा असं बघितलं गेलं की माणूस वेडं होतं. मला शाळेत चांगली नोकरी मिळत होती, ती घेतली नाही. एका ताईंनी तेव्हा सावध केलं होतं. त्याही सरांकडेच होत्या, कंटाळून सोडून शिकवण्या घेऊ लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, अगं, हा माणूस उंटावरून शेळ्या हाकतो, तू शेळी होऊ नकोस. मी मनात म्हटलं, तुमच्याकडे त्यांनी तसं बघितलं नसेल.

घरी आले तर फ्रिजवर सुधारलेलं प्रकरण होतंच, वर मुलीची कंगव्याची पेटी ठेवलेली. नवरा दुपारचा जेवायला आला होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावतो. मी त्याला दोन खुणा दाखवल्या. त्यानं कागद जवळ धरला, लांब धरला, धंद्याच्या सवयीनं, आणि म्हणाला की सरांना माझ्याकडे पाठव, भिंग फुकट घालून देतो. मी हसले नाही. मग तो जरा गंभीर झाला आणि त्यानं मला जे सांगितलं ते कुणीही शहाण्या माणसानं सांगितलं असतं, की सही मिळतेय ना, घे आणि मोकळी हो, त्यानं वाचलं काय नि नाही वाचलं काय, नदी काही त्याची वाट बघत थांबली नाही. भिजत पडलेलं घोंगडं एकदाचं वाळत घाल. बरोबर होतं. मी मान हलवली. पण पानात वाढलेलं तसंच राहिलं. कारण तो म्हणत होता ती गोष्ट सहीची होती आणि माझ्या मनात आता दुसराच किडा शिरला होता. चौथं प्रकरण वाचलं नाही, तर तिसरं? 'भाषा छान आहे' म्हणाले होते. दुसरं? 'यात खूप कष्ट दिसतात.' कष्ट तर गठ्ठ्याच्या जाडीवरूनही दिसतात. आणि पहिलं?

पहिल्याच्या वेळचं मला सगळं आठवत होतं. तेव्हा ते खोलीत होते, बसलेले होते, हेच मोठं. मी तक्ता पुढे केला, त्या वर्षावर बोट ठेवलं आणि विचारलं, सर, एकदम हातभर उडी, हे शक्य आहे का, की माझ्या मोजण्यात काही चुकतंय? मनातून भीती होती. नवी होते, आणि आकडे इतके चांगले निघाले की आपोआप संशय येतो. सरांनी तक्त्याकडे बघितलं. निदान त्यांचा चेहरा त्या दिशेला होता. फोन वाजत होता, तो त्यांनी कानाला लावला आणि लावता लावता म्हणाले, "नदीचं काही सांगता येत नाही. छान सापडलंय. चालू ठेवा." मी त्या तीन वाक्यांवर घर बांधलं. कुणी विचारलं की सांगायची, सरांना दाखवलंय. आज त्या घराच्या भिंती मी हातानं चाचपत होते. दुपारभर मुलीचे गणवेश इस्त्री करत होते आणि प्रत्येक घडीला एक जुनी शाबासकी काढून बघत होते, खरी की खोटी. राग येत होता म्हणणं कमी आहे. वाईट असं वाटत होतं की चिडायचं तरी कुणावर, मीच तर इतकी वर्षं त्या बाकावर बसले. शेजारचा शिपाई दर वेळी सांगायचा की बाई, आज काही येत नाहीत. आणि मी दर वेळी म्हणायची, बघू की जरा वेळ.

दुसऱ्या दिवशी मी वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवून अकराच्या आधीच जाऊन पोचले. बाकावर नाही, दाराला टेकून उभी राहिले. म्हणजे कडी काढायची तर मला बाजूला करावं लागलं असतं. सर आले. पांढरा शर्ट, खिशाला तीच पेन्सिल, अजून देखणा माणूस. मला बघून त्यांनी चेहऱ्यावर आनंद आणला. तो त्यांना पटकन आणता येतो. त्यांची खोली इतकी चिंचोळी आहे की समोरची खुर्ची ओढून कुणी बसलं की दार उघडत नाही. मी खुर्ची ओढून बसले. प्रमाणपत्राचा कागद पिशवीतच ठेवला आणि टेबलावर आधी चौथ्या प्रकरणाचं एक पान ठेवलं. सांगितलं की हे जुनंच आहे सर, माझ्या चुकीनं आलं, आणि तुम्ही ते दोनदा वाचलंय. त्यांनी दोन खुणांकडे बघितलं. जरासुद्धा लाजले नाहीत. म्हणाले, अहो, दुसऱ्यांदा वाचलं की कुठलंही लिखाण पहिल्यापेक्षा बरंच वाटतं. आणि हसले, मीही हसावं म्हणून थांबले. असं काही ऐकलं की मी आजवर हसत आले होते.

"मग आज तिसऱ्यांदा वाचा, सर," मी म्हणाले. "माझ्यासमोर. पहिल्या प्रकरणापासून, मोठ्यानं."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग दाराकडे, मग माझ्या खुर्चीकडे. कुठलीतरी बैठक असल्याचं बोलले. मी म्हणाले, माझी काही घाई नाही. माझा आवाज इतका शांत होता की माझा मलाच परका वाटला. एखाद्या म्हाताऱ्याला औषध पाजायला बसलेल्या नर्ससारखी मी बसले होते, हात मांडीवर. सरांनी उसासा सोडला, चष्मा बदलला, आणि मी पिशवीतून काढून पुढे ठेवलेल्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान घेतलं. सुरुवातीला ते नुसते अक्षरांवरून घरंगळत होते, नोटीस वाचावी तसे. पण दुसऱ्या पानावर कुठेतरी त्यांचा आवाज बदलला. गती कमी झाली. एका वाक्याशी थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. खिशातली पेन्सिल काढून एक विशेषण खोडलं आणि म्हणाले, हे नको, नदीच पुरेशी आहे. बरोबर होतं. तो शब्द मला कधीचा खुपत होता, पण का खुपतो ते कळत नव्हतं. पुढे एक परिच्छेद त्यांनी बाणानं वर नेला आणि सगळं पान जागेवर बसलं, मोडलेलं हाड बसावं तसं. मला खोटं बोलायचं नाही. मला सुख झालं. इतकं सुख की अंगावर काटा आला. माझी वाक्यं कुणाच्यातरी तोंडातून जात होती, कुणीतरी त्यांना धरत होतं, हलवून बघत होतं, वजन करत होतं. इतक्या वर्षांत मला एवढंच हवं होतं. मला ना पदवी हवी होती ना नोकरी, असं त्या पाचदहा मिनिटांत मी शपथेवर सांगितलं असतं. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केलं आणि सर वर न बघता "येतोच" म्हणाले आणि वाचत राहिले. मी त्यांना सगळं माफ करत सुटले होते, एकेक वर्ष, एकेक दुपार.

मग तक्ता आला. त्यांनी तो वाचला नाही, बघितला. पेन्सिल वरून खाली आली, त्या वर्षावर थांबली. थोडी खाली गेली, पुन्हा वर येऊन तिथेच थांबली.

"ही पट्टी कुठली?" त्यांनी विचारलं.

"पुलाची, सर."

"कुठल्या पुलाची?"

"आपल्या. तिथे एकच पूल आहे."

"आता एकच आहे," सर म्हणाले.

आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी हळू, वर्गात शिकवायचे तसं, सांगितलं. आधीचा पूल दगडी होता, थोडा वरच्या अंगाला. पट्टी त्याच्या खांबावर होती. नवा पूल झाला, जुना पाडला, आणि पट्टी काढून नव्या खांबावर ठोकली. ठोकणाऱ्यानं ती हाताला येईल तिथे ठोकली. पट्टीवरचं शून्य हातभर वर गेलं. तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते, मुलांना घेऊन तिथे जात असत; ते स्वतः हे तक्ते छापणाऱ्या कार्यालयात जाऊन भांडले होते, की असे आकडे जोडून छापलेत तर उद्या कुणीतरी फसेल. कार्यालयात म्हणाले होते, टीप घालू. घातली नसणार. "नदी कुठे खचली नाही, बाई," ते म्हणाले. "पट्टी वर गेली."

बोलण्यासारखं काहीतरी असलं पाहिजे म्हणून मी ते शोधत होते, पर्समध्ये किल्ली शोधावी तसं. मग तेवढंच सापडलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, सर. पहिल्या वर्षी. इथेच बसून, हाच तक्ता दाखवून. या वर्षावर बोट ठेवलं होतं."

ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे. "मग मी काय म्हणालो?"

"छान सापडलंय, चालू ठेवा."

सरांनी रुमालानं चष्म्याची काच पुसली, एक, मग दुसरी. "असं मी सगळ्यांनाच म्हणतो," ते म्हणाले.

ते निर्लज्जपणे म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते कसनुसे झाले होते. आणि लगेच, त्या कसनुसेपणातून सुटायला असेल, त्यांनी विचारलं की पण तुम्ही कधी खाली उतरून कुणाला विचारलं नाहीत का, पट्टी मुळात इथेच होती का म्हणून? शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. पण मला चीडसुद्धा नीट आली नाही, कारण विचारलं नव्हतं. मी पुलाखाली गेले होते, पट्टीचा फोटो काढला होता, तो पहिल्या प्रकरणात छापलाय. आणि एवढंच नाही. सर बोलत असतानाच मला दिसायला लागलं होतं की नव्या पुलाच्या उद्घाटनाला मी गेले होते. वडिलांच्या खांद्यावर बसून. गर्दी होती, फुगे होते, आणि वडील म्हणत होते, बघ, तो जुना, आता पाडणार तो, नीट बघून घे. मी बघितला होता. दगडी, काळा, खाली कमानी. त्या बुटक्या पुलाचं मला वाईट वाटलं होतं आणि मी घरी येईपर्यंत रडत होते. सगळं माझ्याकडे होतं. जुना पूल माझ्या डोक्यात होता, तक्ता माझ्या हातात होता, आणि इतक्या वर्षांत ती दोन एकमेकांना भेटली नाहीत. त्यांची गाठ घालून द्यायला एकच माणूस होता, त्याला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात त्याचा फोन वाजत होता.

इतकी वर्षं माझा सगळा संताप एका गोष्टीच्या जोरावर उभा होता, की माझं काम चांगलं आहे आणि हा माणूस ते वाचत नाही. बाकावर बसून मी तेवढंच चघळत असे, आणि खरं सांगायचं तर त्यात गोडी होती. आता त्यांनी वाचलं होतं. आणि वाचून माझ्याकडचा तो रागही काढून घेतला होता. अन्याय झालेली बाई म्हणून मी घरी जाऊ शकले असते. आता काय म्हणून जाणार होते? दुसरं प्रकरण, तिसरं, चौथं, सुटसुटीत किंवा पसरट, सगळी एका न घडलेल्या गोष्टीची कारणं शोधत होती. ज्या म्हाताऱ्यानं मला त्याच्या आटलेल्या विहिरीपाशी नेलं, त्याची विहीर कशानं आटली होती देव जाणे. मी त्याला समजावून सांगितलं होतं, काका, नदी खचली ना. तो बिचारा तेव्हापासून शेजाऱ्यांना तसंच सांगत असेल.

सरांनी पानं गोळा केली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. मग ते कामाचं बोलू लागले. हे दुरुस्त करायचं तर आकडे दोन भागांत वेगळे मोजावे लागतील, मग निष्कर्ष उरत नाही. नवा विषय म्हणजे दोन वर्षं तरी, आणि मुदत शुक्रवारी संपते. तुमच्या नोकरीचंही आहे, ते म्हणाले. त्यांना माझ्या नोकरीचं लक्षात आहे हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, बाहेरच्या परीक्षकांच्या ध्यानात येईल ना. सर खिडकीकडे बघत म्हणाले की त्यांना कुठे आपला पूल माहीत आहे, दोघेही लांबचे. आणि मग, मला धीर देण्यासाठी, खरोखर मायेनं म्हणाले, की काळजी करू नका, पुढेही फारसं कुणी वाचत नाही.

खोलीत खूप उकडत होतं. माझ्या पाठीमागे दार, त्याच्या मागे कुणीतरी परत टकटक करत होतं, आणि माझी खुर्ची हलल्याशिवाय ते उघडणार नव्हतं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघितलंय, तेव्हाही आणि नंतरही, येत होतं. पानं उचलायची, नमस्कार करायचा आणि निघायचं. घरी नवरा म्हणाला असता, गेली तर गेली. मुलीला काही कळलंही नसतं. प्राचार्यांनी पाणी विचारलं असतं. मी ते सगळं नीट बघितलं, एकेक, आणि हात पिशवीत घातला. प्रमाणपत्राचा कागद काढला, घडी उलगडून हातानं दाबली आणि त्यांच्यापुढे सरकवला. त्यावर मजकूर छापील असतो: प्रस्तुत प्रबंध माझ्या मार्गदर्शनाखाली तयार झाला असून मी तो संपूर्ण वाचला आहे व तो मला समाधानकारक वाटतो. सरांनी तो मजकूर वाचला. ओळीवरून बोट फिरवत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग पेन उघडलं आणि माझ्याकडे बघत थांबले. ते माझी वाट बघत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी मान हलवली. त्यांनी सही केली, लांब शेपटाची, सुरेख.

"तारीख कुठली घालू?" त्यांनी विचारलं.

"आजचीच घाला," मी म्हणाले.